घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार: बघायला येणारे जे जे विचारतात त्याची उत्तरं

मी पुण्यात राहतो, नोकरी वेगळीच आहे, पण गेली नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत आणि खाली पार्किंगच्या एका कोपऱ्यात इलेक्ट्रिक गिटार बनवतो. सात पूर्ण झाल्यात, आठवी चालू आहे. ओळखीत अजून तीनचार जण हेच करतात आणि आम्ही अधूनमधून कुणाच्या तरी घरी, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये गिटार टेबलावर मांडून ठेवतो, ज्याला बघायचं त्याने यावं, हातात घ्यावं, विचारावं. लोक खूप विचारतात आणि मला ते मनापासून आवडतं, पण तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. ज्यांना स्वतःची गिटार बनवून लोकांना दाखवायची आहे त्यांच्यासाठीपण यात बरंच आहे.

दादा, हे सगळं खरंच तुम्ही हाताने केलंय?

सगळं नाही, आणि हे मी दरवेळी आधीच सांगतो. बॉडी, नेक म्हणजे लांब मान, तिच्यावरची फ्रेटबोर्डची पट्टी, त्यावर फ्रेट म्हणजे धातूचे आडवे पडदे बसवणं, वरच्या टोकाला तारा टेकतात तो हाडाचा नट, वायरिंग, पॉलिश हे माझं. शेवटच्या चार गिटारींचे पिकअप, म्हणजे तारांखाली बसून आवाज पकडणारे भाग, तेपण मी घरी गुंडाळलेत. ट्यूनर म्हणजे वरच्या खुंट्या, ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, नेकच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई, फ्रेटची तार, पॉट म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे भाग आणि वायर लावायचा जॅक हे विकत आणलेलं. धातूचं काम करायला माझ्याकडे लेथ नाही.

हाताने बनवलेली म्हणजे नक्की काय यावर लोक खूप भांडतात. कुणी म्हणतं लाकूड कोरायचं राऊटर यंत्र वापरलं की ती हँडमेड नाही, कुणी म्हणतं सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या यंत्रावर कापलेली चालत नाही, कुणी तयार किट आणून फक्त रंग देतं आणि स्वतःची म्हणून दाखवतं. माझं मत साधं आहे, कुठल्याही मार्गाने करा पण समोरच्याला खरं सांगा. किटची गिटार सुंदर रंगवली असेल तर रंग माझा आणि बाकी किट एवढं म्हटलं की झालं, त्यात काहीच कमीपणा नाही. माझ्या एका मित्राने किटपासूनच सुरुवात केली, त्याचं फ्रेट घासायचं काम आज आमच्यात सगळ्यात सफाईदार आहे.

असं घरी बनवलेल्या गिटारवर कुणी मोठा माणूस वाजवतो का?

वाजवतो! आणि ही गोष्ट मला कितीही वेळा सांगायला आवडते. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे. १९६३ साली तो सोळा वर्षांचा होता, इंग्लंडमध्ये, चांगली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला घरी पैसे नव्हते, वडील इलेक्ट्रॉनिक्समधले, मग बापलेकांनी मिळून घरीच बनवायला घेतली आणि जवळपास दोन वर्षं लागली. नेक कापला जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं होती ती बुजवून घेतली. बॉडीला जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचं व्हिनियर. फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. ट्रेमोलोला, म्हणजे दांडा दाबून सूर हलवायच्या यंत्रणेला, मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि त्याचा दांडा सायकलच्या पिशवीच्या स्टँडचा, टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. पिकअपपण त्याने आधी स्वतःच केले होते पण तार ओढली की आवाज विचित्र यायचा, म्हणून बर्न्स कंपनीचे घेतले आणि ते आतून अरल्डाइटने भरून घट्ट केले जेणेकरून शिट्टी मारणार नाहीत. तेच अरल्डाइट जे आपल्या घरात तुटलेली बरणी चिकटवायला असतं. ही गिटार रेड स्पेशल म्हणून ओळखली जाते, क्वीनच्या बहुतेक रेकॉर्डिंगवर तीच आहे, २००२ साली तो बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभा राहून हीच वाजवत होता. आणि त्याच्या शेजारी इतकी वर्षं गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे मला ही सगळी मंडळी उगाचच जवळची वाटतात.

दुसरा अमेरिकन गिटारवादक लेस पॉल. १९४० च्या आसपास त्याने चार बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, त्याला नेक, पिकअप आणि तारा लावल्या आणि वाजवायला लागला, त्याचं नावच द लॉग. पण नुसत्या ओंडक्यावर वाजवलं की ऐकणारे थंड असायचे, मग त्याने एक पोकळ गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले, दिसायला गिटारसारखी झाली आणि लोकांना तोच आवाज आवडायला लागला, असं तो स्वतः सांगायचा. गिटार लोकांसमोर ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, लोक आधी डोळ्यांनी ऐकतात.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची गिटारपण अशीच जुळवलेली, ५० डॉलरची बॉडी, ८० डॉलरचा नेक, दुसऱ्या गिटारमधून काढलेला पिकअप.

लाकूड कुठलं वापरता, आणि मिळतं कुठे?

यावर मी तासभर बोलू शकतो. माझी पहिली गिटार आजोळच्या पडक्या वाड्याच्या तुळईतून निघाली. मामा ते लाकूड सरपणाला देणार होते, मी टेम्पोत घालून आणलं. जुनं सागवान म्हणजे पन्नास-साठ वर्षं घराच्या उन्हापावसात राहून जे काही वाकायचं, चिरायचं ते सगळं आधीच होऊन गेलेलं असतं, म्हणून ते स्थिर. आजही जुन्या घराचं लाकूड विकणाऱ्या वखारीत गेलं की चौकटी, तुळया, जिन्याच्या फळ्या मिळतात. घेताना लोहचुंबक घेऊन जा आणि सगळीकडून फिरवा, आत मोडलेला खिळा राहिला असेल तर रंध्याच्या पात्याचं वाटोळं होतं.

सागवानाचे दोन त्रास. एक म्हणजे त्यात तेल असतं, चिकटवायच्या आधी जोडाची बाजू थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून लगेच ग्लू लावावा लागतो नाहीतर सांधा नंतर सुटतो. दुसरा, त्यात सिलिका असते त्यामुळे पटाशीची धार भराभर जाते, दर थोड्या वेळाने धार लावत बसायची तयारी ठेवा.

मिरजेला एकदा सतारीचे कारागीर काम करताना बघायला गेलो होतो. तिथे सतार-तंबोऱ्याला तूनचं लाकूड वापरतात, हलकं, तांबूस, कापायला गोड. नंतर कळलं की तून हे झाड महोगनीच्याच कुळातलं आहे, म्हणजे अमेरिकेतल्या कंपन्या महोगनी म्हणून ज्याच्या मागे लागल्या त्याचं चुलत भावंड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद्यांना वापरतायत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनपण मिळालं. तिसऱ्या गिटारची बॉडी मी तूनची केली आणि ती माझी सगळ्यात हलकी गिटार आहे, ३.१ किलो. सागवानाची पहिली ३.९ किलो भरली होती, तासभर उभं राहून वाजवलं की खांदा सांगतो.

फ्रेटबोर्डला शिसवी. याबाबतीत आपण नशीबवान आहोत, जगभरच्या गिटारींवर जे इंडियन रोझवुड असतं ते हेच, दक्षिणेतल्या जंगलातलं. घट्ट, काळसर जांभळं, बोटाखाली गुळगुळीत. पूर्ण बॉडी शिसवीची करू नका, फार जड होते. शिवण हलकं आणि शहाणं लाकूड आहे, फारसं वाकत नाही. फणसाच्या खोडाची तर वीणाच होते दक्षिणेत, मग गिटार का नाही. आंबा स्वस्त पण कीड लागते, बघून घ्या.

तिकडचे लोक अल्डर आणि अ‍ॅश वापरतात कारण ते त्यांना जवळ मिळतं. आपण आपल्या जवळचं वापरावं असं मला फार वाटतं, टेबलावर गिटार ठेवल्यावर ही आमच्या वाड्याची तुळई असं सांगता येणं मला तरी कुठल्याही आयात लाकडापेक्षा मोठं वाटतं.

लाकडाने आवाज बदलतो का हो?

इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज पकडतो तो पिकअप, आणि तो लोखंडी तारेच्या हालचालीवर चालतो. त्यामुळे पिकअप कुठला, ब्रिजपासून किती लांब, तारा कुठल्या, अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा कुठला याचा फरक पहिल्याच सुराला कळतो. लाकडाचा फरक मला वजनात, नेकच्या ताठपणात आणि सूर किती वेळ टिकतो यात जाणवतो. यावर मी वाद घालत नाही.

फ्रेट नक्की कुठे बसवायचे ते कसं काढता?

सतारीला पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला की पडदा सरकवता येतो. गिटारचा फ्रेट एकदा करवतीच्या खाचेत ठोकला की संपलं, म्हणून सगळी मेहनत आधी.

आधी स्केल ठरवायचं, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. फेंडर आणि गिब्सन या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या, फेंडरच्या गिटारींचं ६४८ मिलिमीटर म्हणजे साडेपंचवीस इंच, गिब्सनचं साधारण ६२८, रेड स्पेशलचं तर २४ इंचच. आता ही लांबी १७.८१७ ने भागा, जे येईल तितक्या अंतरावर पहिला फ्रेट. ६४८ ला ३६.३७ येतं. मग उरलेली लांबी ६११.६३, तिला पुन्हा १७.८१७ ने भागा, ३४.३३, तो दुसरा. असं करत बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर ३२४ ला येतो, तिथे वरचा सा लागतो. बारावा निम्म्यावर आला नाही तर हिशोबात कुठेतरी चूक आहे, ही सोपी तपासणी.

पण खुणा करताना एका फ्रेटवरून पुढचा मोजू नका. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीची अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर विसाव्या फ्रेटपर्यंत ती जमा होत होत केवढी होईल. प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजायचा, म्हणजे पहिला ३६.३७ वर, दुसरा ७०.७० वर, पाचवा १६२.५५ वर. स्टीलची पट्टी एकदा घट्ट बांधायची आणि सगळ्या खुणा होईपर्यंत हलवायची नाही, आणि खुणा पेन्सिलीने नाही, धारदार कटरने.

ब्रिज मात्र हिशोबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे लागतो, जाड तारेला अजून जरा जास्त, कारण तार दाबली की ती ताणली जाऊन सूर किंचित चढतो. माझ्या दुसऱ्या गिटारला मी घाईत ब्रिज सहा मिलिमीटर जास्तच मागे बसवला आणि बारावा फ्रेट कधीच सुरात लागेना. सगळी भोकं सागवानाच्या डाटांनी बुजवून परत पाडली. ते डाट अजून दिसतात, आणि टेबलावर गिटार ठेवली की मी स्वतःहून ते दाखवतो, कारण नवीन बनवणाऱ्याला त्या चार गोल ठिपक्यांमधून जितकं शिकायला मिळतं तितकं माझ्या चांगल्या गिटारमधून मिळत नाही.

नेकच्या आत लोखंडी सळई कशाला?

सहा तारांचा मिळून ताण साधारण ४५ किलोच्या घरात जातो आणि तो रोज चोवीस तास. लाकडाचा नेक हळूहळू पुढे वाकतोच, म्हणून आत ट्रस रॉड, त्याच्या टोकाचा स्क्रूचा नट फिरवला की तो उलट्या बाजूने जोर लावतो. गिब्सनने १९२० च्या दशकात ही युक्ती आणली. दोन्ही बाजूंना जोर लावणारा रॉड घ्या, आणि फिरवताना एकावेळी पाव फेराच.

पिकअप घरी गुंडाळता? ते कसं काय?

हो, आणि यातला आनंद वेगळाच आहे. पिकअप म्हणजे चुंबकाच्या सहा छोट्या कांड्या आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, बस. तार ४२ गेजची, जाडी ०.०६३ मिलिमीटर, केसाइतकी. साध्या सिंगल कॉइलला असे सुमारे आठ हजार वेढे लागतात, म्हणजे किलोमीटरभराहून जास्त तार एवढ्याशा बॉबिनवर बसते.

मी जुन्या शिलाई मशीनची मोटर वापरतो, पायाच्या पेडलने वेग कमीजास्त करता येतो. वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर, बरोबरच्या बटणाला रीड स्विचच्या, म्हणजे चुंबक जवळ आलं की जोडला जाणाऱ्या स्विचच्या, दोन वायरी जोडल्या आणि फिरणाऱ्या चकतीवर एक छोटं चुंबक लावलं, एक अधिक एक करून ठेवलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. तार दोन बोटांच्या चिमटीतून सोडायची, फार घट्ट धरली की तुटते, सैल सोडली की गुंडाळी फुगते. पहिल्या पिकअपला तार सहा वेळा तुटली आणि सहाव्या वेळी सात हजारच्या पुढे गेलेलो होतो. तेव्हा उठून चहा घेतला, चालून आलो, परत पहिल्यापासून. आता चिमटीला आपोआप कळतं.

झाल्यावर मल्टिमीटर लावायचा, सहा किलो-ओहमच्या आसपास आलं की छान. मग मेणात बुडवायचं, पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण, म्हणजे वेढे हलून अ‍ॅम्पमध्ये शिट्टी येत नाही. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नका, पेट घेतं, पातेल्यातल्या गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, आणि ६५ अंशांच्या वर नेऊ नका नाहीतर प्लास्टिकचं बॉबिन मऊ पडतं.

तार, पॉट, कपॅसिटर हे पुण्यात तपकीर गल्लीत शोधा, मुंबईवाल्यांनी लॅमिंग्टन रोडला. सिंगल कॉइलला २५० के म्हणजे किलो-ओहमचे पॉट, हमबकरला म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला ५०० के, टोनला ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. दुकानदाराला गिटारसाठी म्हटलं की कधीकधी कळत नाही, आकडा सांगा, लगेच काढून देतात.

अ‍ॅम्पला लावली की घूं आवाज येतो, बिघडली का?

बिघडली नाही. घरातली वीज ५० हर्ट्झची, सिंगल कॉइल पिकअप ती अँटेनासारखी पकडतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर उपाय काढला, दोन कॉइल उलट्या जोडायच्या आणि त्यांचे चुंबकपण उलटे, म्हणजे तारेचा आवाज बेरजेत येतो आणि ती घरघर एकमेकांना मारते, तोच हमबकर. सिंगल कॉइलच ठेवायचा असेल तर आतल्या पोकळीला तांब्याचा चिकट पत्रा लावून तो ग्राउंडला जोडा, बराच फरक पडतो. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घाबरू नका, ब्रिजची ग्राउंड वायर नीट आहे असा त्याचा अर्थ.

पण एक गोष्ट खूप गंभीरपणे सांगतो. गिटारच्या तारा ग्राउंडमधून अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड असेल आणि घराला किंवा मांडवाला अर्थिंग नसेल तर करंट सरळ हातात येऊ शकतो. तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांत घालू नका, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून वाजवू नका, आणि गणपतीच्या कार्यक्रमात वायरिंग कुणी केलंय, अर्थिंग कुठे आहे हे विचारायला लाजू नका. मी दरवेळी टेस्टर घेऊनच जातो.

ही चमक कशाची? कारचा स्प्रे आहे का?

ही लाखेची. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, गाळायची आणि मऊ सुती कापडाच्या पुरचुंडीने पातळ थर देत जायचं, एकावर एक, मी पन्नासच्या वर देतो. लाखेचा किडा पळस-कुसुमासारख्या झाडांवर वाढतो, आपलाच माल, आणि फर्निचरवाले फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच. खराब झालं तर तेवढीच जागा परत भरता येते. तोटा असा की स्पिरिट किंवा दारू सांडली की डाग पडतो आणि खूप घाम येणाऱ्याच्या हाताखाली ते लवकर झिजतं.

कारचा स्प्रेपण चालतो, मित्राने केलाय, छान दिसतो. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरणार असाल तर पावसाळ्यात हात लावू नका, हवेतला ओलावा थरात अडकून पांढरट धुकं येतं. आणि लॅकरची गिटार रबर किंवा फोमच्या स्टँडवर ठेवू नका, रबराने थर मऊ होऊन चिकटतो आणि कायमची खूण राहते. गिटार मांडताना टेबलावर सुती चादर घाला, स्टँडला जुन्या बनियनचं कापड गुंडाळा, पुरतं.

पावसाळ्यात लाकूड फुगत नाही का?

फुगतं. कोकणात आणि मुंबईत तर जास्तच. मे महिन्यात फ्रेटची टोकं बोटाला टोचतात कारण लाकूड आक्रसतं, जुलैत तीच बरोबर बसतात. नेकचं आणि फ्रेटबोर्डचं लाकूड आणल्यावर मी एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा घरातच ठेवतो, मगच कापतो. घाई असेल त्याला हे सांगून पटत नाही पण दुसरा मार्ग मला माहीत नाही.

खर्च किती येतो?

माझ्या पहिलीला साधारण चौदा हजार लागले, त्यात निम्म्याहून जास्त अवजारांचे. लाकूड फुकट होतं. राऊटर भाड्याने किंवा ओळखीच्या सुताराकडे मिळतो, आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी मला रंधा कसा धरायचा तेपण शिकवलं आणि एक पैसा घेतला नाही. फ्रेटच्या कानशी आणि फ्रेटची तार मात्र चांगली घ्या.

प्रसिद्ध गिटारचा आकार उतरवला तर चालतो का?

शिकताना सगळेच उतरवतात, मीपण पहिली फेंडरच्या टेलिकास्टरसारखीच केली, सपाट फळी असल्यामुळे सोपी जाते. अमेरिकेत २००९ मध्ये फेंडरला त्यांच्या बॉडीच्या आकारांवर ट्रेडमार्क मिळाला नाही, पण हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाचा, आकार आणि नाव ही वेगळी गोष्ट आहे, त्यावर कंपन्यांचा हक्क आहे. त्यामुळे हेडस्टॉक स्वतःचा काढा. आणि दुसऱ्याच्या नावाचं स्टिकर स्वतःच्या कामावर लावू नका, इतके महिने घाम गाळायचा आणि नाव दुसऱ्याचं का द्यायचं.

माझी गिटार तयार आहे, लोकांना दाखवायची आहे. फोटो कसे काढू, काय सांगू?

फोटो खिडकीच्या उजेडात, सकाळी किंवा ढगाळ दिवशी, फ्लॅश बंद. लाखेवर फ्लॅश पडला की फक्त पांढरा ठिपका दिसतो. भिंत साधी, मागे टीव्हीची वायर आणि वाळत घातलेले कपडे नकोत. समोरून आणि मागून एकेक, आणि मग बनवणारे लोक जे बघतात ते काढा, नेक आणि बॉडीचा जोड, फ्रेटची टोकं, नटच्या खाचा, मागचं झाकण उघडून आतलं सोल्डरिंग. सोल्डरिंगचा फोटो टाकणाऱ्यावर माझा लगेच विश्वास बसतो. काम चालू असतानाचे फोटो तर आवर्जून ठेवा, तुळईचा ओंडका आणि त्यातून निघालेली गिटार शेजारी शेजारी बघितली की लोक थांबतातच.

सोबत एक चिठ्ठी ठेवा. लाकूड कुठलं आणि कुठून आलं, स्केल, वजन, पिकअप घरचा की विकतचा, किती महिने लागले, काय विकत आणलं आणि कुठे चुकलं. ही शेवटची ओळ लोक सगळ्यात आधी वाचतात.

आणि आवाज ऐकवा. आधी साधा स्वच्छ आवाज, एकेक पिकअप, मग डिस्टॉर्शन. खूप इफेक्ट लावले की गिटार ऐकूच येत नाही.

पहिली गिटार ओबडधोबड झाली, दाखवायची लाज वाटते.

आणा. खरंच आणा. गेल्या वर्षी एक मुलगा पोत्यात गुंडाळून गिटार घेऊन आला होता, फ्रेट वरखाली, पॉलिशवर बोटांचे ठसे, पण नेकचा जोड इतका घट्ट आणि बारीक की कागद जाणार नाही. तो जोड त्याने हातकरवतीने आणि पटाशीने केला होता. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो आणि त्याला कळेचना की आपण एवढं काय केलंय.

मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला करायचंय. जमेल?

जमेल. शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं, एवढंच. रंधा, कानस, पॉलिश पेपर, सोल्डरिंग तिला करू द्या, राऊटर तुम्ही धरा किंवा सुताराकडून करून घ्या. घासताना दोघांनी मास्क लावा, सागवानाच्या आणि शिसवीच्या भुशाने नाक-डोळे चुरचुरतात, काहींच्या अंगावर पुरळ येतं. केस बांधलेले, ओढणी बाजूला. पहिल्यांदा किट घेतलं तरी उत्तम.

विकता का? आणि परदेशात नेता येते का?

विकत नाही, दोन दिल्यात, एक भाच्याला आणि एक मित्राला. परदेशाचं म्हणाल तर २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय निर्बंधांत आल्या होत्या आणि वाद्य नेणाऱ्यांची फार धावपळ झाली, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरी लाकडाची पावती जपून ठेवा, आणि कच्चं शिसवी लाकूड सोबत नेऊ नका, ते नियम वेगळे आहेत.

जरा वाजवून बघू का?

बघा की, त्यासाठीच ठेवलीये. सूर आत्ताच लावलाय, व्हॉल्यूम पहिला नॉब, टोन दुसरा. फक्त पट्ट्याचं बकल जरा बाजूला सरकवून घ्या, मागची लाख मऊ आहे.